बाहीतला हात

४ डिसेंबर

कासुर्डी फाट्यावर एसटी थांबवायला कंडक्टरची बरीच मनधरणी करावी लागली. उतरले तर सगळ्या हवेत गुळाचा वास. गुऱ्हाळं पेटली आहेत. फाट्यावरून आत वळलं की दोन्ही बाजूंना ऊस, आणि ऊस संपतो तिथे आमची पांढरी, बिनखिडक्यांची इमारत. तिच्यामागे राहायच्या खोल्या. शेवटचं बिऱ्हाड माझं.

दोन खोल्या आहेत. एक नाही, दोन. मी उगीचच या खोलीतून त्या खोलीत फिरून घेतलं. पूर्वेच्या खिडकीखाली धनूचं टेबल लावायचं ठरवूनही टाकलं. हे गेल्यापासून धनश्री नाशिकला माझ्या दिरांकडे आहे आणि मी मिळेल तिथे कंत्राटावर, आज या गावी, उद्या त्या. दीर वाईट नाहीत. फक्त म्हणतात, वहिनी, आधी तुमची नोकरी पक्की होऊ दे, मग खुशाल न्या लेकीला. इथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, सत्यजीत सरांनी, मला घेतानाच सांगितलं आहे, मार्चमधली चाचणी पार पडली की तुम्ही कायम. मार्चमध्येच धनूची दहावी संपते. इतकं जमून आलेलं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच.

संध्याकाळी तुळजाबाई दूध आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. इमारतीची झाडलोट, धुणं-पुसणं त्यांच्याकडे. घरचा ऊस आहे, हाताखाली सून आहे, मग इथे कशाला येता, असं विचारलं तर म्हणाल्या, घरी सुनंचं त्वांड बघत बसन्यापरीस डासाचं बघितल्यालं बरं, त्यो उलटून बोलत तर न्हाई.

खूप हसले. कितीतरी दिवसांनी.

६ डिसेंबर

डास वाढवणं हे माझं काम, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग जरा लांब सरकतात. इथे मलेरियावरची लस तयार होते आहे, आणि ती खरी ठरते की नाही हे शेवटी डासाच्या पोटातच कळतं. आज सरांनी फळ्यावर चित्र काढून दाखवलं. आमच्या लशीत जंतू नसतो, असतो फक्त एक निरोप. एमआरएनए म्हणतात त्याला. तो निरोप शरीरातल्या पेशी वाचतात, जंतूच्या अंगावरचा एक छोटासा तुकडा स्वतःच बनवतात, आणि तो तुकडा परका आहे हे ओळखून शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. निरोप थोड्या दिवसांत विरून जातो, प्रतिपिंडं राहतात. पण ही प्रतिपिंडं आपलं काम माणसात नाही, डासात करतात. लस घेतलेल्याचं रक्त डासाने प्यायलं की रक्ताबरोबर तीही आत जातात आणि जंतूला डासाच्या पोटातच अडवतात. तो डास मग पुढे कोणाला मलेरिया देऊ शकत नाही.

तुळजाबाई फरशी पुसता पुसता थांबून ऐकत होत्या. म्हणाल्या, म्हंजी सुई म्या टोचून घ्यायची आन् बरं शेजारणीचं व्हायचं? कोन घेईल वो गावात? माजी शेजारीन तुमी बघितली न्हाई सर, न्हाईतर आसं बोलला नसता.

सर हसता हसता खुर्चीत बसले. मला मात्र ती कल्पना फार आवडली. टोचून आपण घ्यायचं, वाचवायचं दुसऱ्याला. रात्री धनूला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आई, हे तर तुझंच वर्णन आहे.

९ डिसेंबर

डासघरात दिवस-रात्र उलटी करून ठेवली आहे. बाहेर ऊन तापलेलं असतं तेव्हा आत तिन्हीसांज होते, दिवे मंद होतात आणि माद्या उठतात. ओळीने पिंजरे. प्रत्येक पिंजऱ्याच्या एका बाजूला कापडाची लांब बाही शिवलेली, तिच्यातून हात आत घालायचा, म्हणजे एकही बाहेर निसटत नाही. खालच्या फळ्यांवर अळ्यांचे ट्रे. कोमट पाणी, त्यात यीस्ट आणि माशांचं खाद्य. त्याचा वास पहिल्या दिवशी नाकात बसतो, नंतर कपड्यांत. या पिंजऱ्यांतले डास निरोगी आहेत. जंतूंचं सगळं काम वेगळ्या, कुलपातल्या खोलीत होतं.

माद्यांना अंडी घालायला रक्त लागतं. वाडीवरचे म्हाळूआप्पा मेंढ्याचं रक्त देतात आणि त्याच मेंढ्याचं आतडं. आतड्याचा पातळ पापुद्रा सोलायचा, धुवायचा, काचेच्या भांड्याच्या तोंडावर ताणून बांधायचा आणि आत कोमट रक्त भरून भांडं पिंजऱ्याच्या जाळीवर उपडं ठेवायचं. पापुद्र्याला अंगासारखी ऊब आली की माद्या सोंड खुपसून पितात. निदान मी आजवर जिथे जिथे काम केलं तिथे प्यायच्या. इथल्या जवळसुद्धा जात नाहीत. पापुद्रा वाळतो, रक्त काळं पडतं, त्याला लोखंडासारखा वास सुटतो, आणि माद्या कोपऱ्यात भुकेल्या बसून राहतात.

सर काळजीत आहेत. आधीच्या बाई, अनिता, इथे होत्या तोवर सगळं सुरळीत होतं, त्या काम सोडून गेल्या आणि डासांची ही वसाहत मरायला लागली, असं म्हणाले. चाचणीही अशाच भांड्यातून रक्त पाजून होते. डासच मेले तर लस कशावर तपासणार?

१० डिसेंबर

आज मी हात दिला. जुन्या डासघरांमध्ये हा शब्द आहे, हात देणं. सगळ्यांनी पाळीपाळीने द्यायचा असतो. मी आल्या आल्या बाही कोपरापर्यंत ओढली. आधी कोणी हललं नाही. मग एक बसली. मग बऱ्याच. अॅनॉफिलीस म्हणजे मलेरियाच्या जातीची मादी, बसते ती डोकं खाली, शेपूट वर, जणू अंगात खिळा ठोकलाय. पोट पारदर्शक असतं, लाल होत जाताना दिसतं. पीत असतानाच मागून ती नको असलेलं पाणी टाकते, गुलाबी, बारीक थेंब. हात बाहेर काढला तर त्यावर दव पडल्यासारखं. माझंच रक्त, त्यांच्यातून जाऊन माझ्यावर आलेलं. तांब्याभर पाणी ओतून धुतलं तरी ओशट वाटत राहिलं.

पण प्यायल्या. सरांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं.

२१ डिसेंबर

दोन्ही हातांवर गांधी उठल्या आहेत, एकात एक मिसळलेल्या. खाजवून खाजवून पाणी सुटतं. तुळजाबाईंनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, ताई, ह्यो हात हाय का तव्यावरची भाकर? कुटं कुटं फुगलीया बघा. खोबरेल लावायला निघाल्या होत्या, मी नको म्हटलं. तेलाचा, साबणाचा वास आला तर त्या बसत नाहीत.

सर म्हणाले, आता पाळी लावू, मी देतो, बाकीचेही देतील. मी म्हटलं, राहू द्या, मला सवय होतेय, सगळ्यांना कशाला त्रास. अंडी भरपूर येत आहेत. वसाहत सावरली तर मार्च सावरला. मार्च सावरला तर धनू.

९ जानेवारी

गांधी उठेनाशा झाल्या. असं होतं हे ऐकून होते, शरीर रोज तेच सोसून शेवटी तक्रार सोडून देतं. हात स्वच्छ, गुळगुळीत. आता खाजही नाही.

दुसरी एक गोष्ट. मी आत शिरले की त्या जाळीच्या माझ्या बाजूला येऊन बसतात. मी पलीकडे गेले की पलीकडे. श्वासाचा वास त्यांना ओढतो, हे शास्त्र आहे. पण आज तुळजाबाई ट्रे न्यायला आत आल्या, जाळीला नाक लावून म्हणाल्या, या की गं बायांनो, मीबी मानूसच हाय. एकही वळली नाही. मग सरांनी हात घातला. बराच वेळ. त्या त्यांच्या हातावरून चालत गेल्या, सोंड न टेकवता, बाहीकडे, जिथे मी उभी होते तिकडे. सरांनी विनोद करायचा प्रयत्न केला, स्नेहलताई, तुमच्या लेकीबाळी फारच शिस्तीच्या हो.

लेकीबाळी हा शब्द अंगावर पाल पडावी तसा वाटला.

१७ जानेवारी

गेल्या आठवड्यात अंड्यांसाठी ठेवलेल्या वाटीत अंडीच नव्हती. माद्यांची पोटं फुगून, फुटायच्या बेतात, पण पाण्यावर बसत नव्हत्या. वैतागून मान पुसलेला रुमाल टेबलावर टाकला होता, त्याचं टोक वाटीत बुडालं. दुसऱ्या दिवशी पाण्यावर काळी साय. सगळी अंडी. रुमालाच्या टोकावर तर इतकी की कापड दिसेना.

माझ्या घामाचा रुमाल. रोज वाटीत बुडवते आहे. ते करताना तोंडात पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

२६ जानेवारी

धनूने झेंडावंदनाहून आल्यावर फोन केला. काकू स्वभावाने चांगली आहे, पण भाजी वाढताना आधी आपल्या मुलांकडे बघते, म्हणाली. लगेच म्हणाली, मी तक्रार नाही हं करत. पंधरा वर्षांची पोर, आणि किती जपून बोलते. अभ्यासाचं टेबल खरंच खिडकीपाशी आहे का, हे पुन्हा एकदा विचारून घेतलं.

२ फेब्रुवारी

आज दौंडला जाऊन अनिताला भेटले. वसाहत दुसऱ्या कोणाचं का घेत नाही, ते तिलाच विचारावं म्हणून. स्टेशनच्या मागे राहते. माझ्याहून लहान, चाळिशीच्या आतली. दारात मी कोण ते सांगेपर्यंतही ती थांबली नाही. माझं मनगट धरलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटून हुंगलं. मग विचारलं, कशा आहेत माझ्या?

सगळं सरळ सांगितलं तिने, चहा टाकता टाकता. सुरुवातीला पाळी होती. बाकीच्यांना गांधी उठायच्या, तिला उठत नव्हत्या. आपल्याला होत नाही तर दुसऱ्यांना कशाला त्रास, म्हणून तिने सगळ्यांची पाळी स्वतःकडे घेतली. लोक दुवा द्यायचे. दोन वर्षं तिचाच हात. मग तिला कावीळ झाली. बरी होऊन परत आली, हात घातला, तर कोणी बसेना. रक्ताची चव बदलली असेल. रोज जायची, रोज हात घालायची. टाकलं मला त्यांनी, म्हणाली. नवऱ्याने टाकलेली परवडली हो, माणूस निदान काहीतरी कारण देतो.

बाहीचा काठ वर सरकला तेव्हा दिसलं. मनगटापासून वर टोचल्याच्या ओळी. साडीच्या पिनेने, म्हणाली. काही पिकलेल्या, पिवळ्या. खिडकीच्या कठड्यावर कापसाचे बोळे मांडलेले होते, लाल, काळे, सुकलेले. त्या कधी वास घेत इकडे आल्या तर, म्हणाली. बोळ्यांवर माश्या बसल्या होत्या. घोंगावत नव्हत्या, नुसत्या चिकटून बसल्या होत्या. त्याच हाताने तिने मला कप दिला. मी प्यायले नाही.

निघताना तिने पुन्हा मनगट धरलं. या वेळी ओठ लागले. दौंड स्टेशनच्या नळावर मी चोळचोळून धुतलं, पण साबण लावला नाही. दुपारी हात द्यायचा होता. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, मला शिसारी आली होती आणि तरी साबण टाळायचं भान होतं.

८ फेब्रुवारी

कळलं. किती साधं आहे.

पिंजऱ्यात डासांची पिढी दोन-तीन आठवड्यांत बदलते. ज्यांना अनिताचा वास आवडायचा त्या प्यायच्या, त्यांचीच अंडी व्हायची. बाकीच्या उपाशी मरायच्या. पिढ्यान् पिढ्या. चांगुलपणाने एका बाईने सगळ्यांची पाळी घेतली आणि न कळत एका बाईसाठीच डास घडवले. ती आजारी पडली तेव्हा सगळ्या मेल्या नाहीत, काही थोड्या उरल्या, ज्यांना माझा हात चालला. आता त्यांच्या लेकी, नाती. मीही तेच केलं. तोच चांगुलपणा.

सरांना सांगितलं. आधी त्यांचे डोळे चमकले, मग चेहरा पडला. बाहेरून नवी अंडी आणून वसाहत उभी करायला मार्च उलटून जाईल. चाचणी पुढे गेली तर प्रकल्प बंद. ते चाचरत म्हणाले, चाचणीच्या भांड्यात मेंढ्याऐवजी माणसाचंच रक्त लागतं, तेव्हा ते जर — मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. माझं घ्या म्हटलं.

चाचणी झाली, नवे डास आले, की हे सगळे फ्रीजरमध्ये घालून मारू, असं ठरलं आहे. मला हायसं वाटायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी

लिहायला लाज वाटते, पण इथे नाही तर कुठे लिहू.

आज बाहीत हात घातला, त्या बसल्या, आणि छातीत ती कळ आली. धनू तान्ही असताना ती रडली की यायची ती. पान्हा फुटताना येते ती. त्रेचाळिसाव्या वर्षी. मी खाली पाहिलं. ब्लाउज ओला होता.

बाथरूममध्ये जाऊन ओकले. मग परत गेले, कारण दुसरा पिंजरा राहिला होता.

२३ फेब्रुवारी

सकाळी आरशात डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काजळ दिसलं. मी काजळ घालत नाही. पदराच्या टोकाने टिपलं. बारीक काळे कण, ओळीने चिकटलेले. काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.

होडीच्या आकाराची. दोन्ही अंगांना तरंगायच्या पिशव्या.

अंडी.

डोळा धुतला, पुन्हा धुतला. खालची पापणी उलटी करून पाहिली. आत, त्या ओल्या लाल भागात, आणखी — काही फुटलेली होती. पाण्याच्या थेंबात काहीतरी वळवळलं. केसाएवढं.

ते मी नळाखाली सोडलं नाही. ट्रेमध्ये सोडलं.

मी ते ट्रेमध्ये का सोडलं?

७ मार्च

चाचणी झाली. एका भांड्यात लस दिलेल्या उंदरांचा रक्तद्रव, दुसऱ्यात साध्या उंदरांचा. दोन्हींत जंतू, दोन्हींत माझं रक्त. कुलपाच्या खोलीत, जाळीवर भांडी उपडी ठेवली आणि त्या धावत आल्या. पापुद्रा काळा दिसेपर्यंत. सर माझा हात हातात घेऊन आभार मानत होते. मला त्यांच्या हाताला साबणाचा वास आला. मी हात सोडवून घेतला.

१५ मार्च

पोटं चिरून पाहिली. साध्या गटात जंतूंचे फोड, द्राक्षाच्या घडासारखे. लशीच्या गटात जवळजवळ काही नाही. पोट स्वच्छ. लस काम करते. सरांनी पेढे वाटले. तुळजाबाई म्हणाल्या, चला, आता शेजारणीची काळजी मिटली.

कायम झाल्याचं पत्र मिळालं. दिरांना फोन केला. ते आनंदाने म्हणाले, पेपर संपले की पाठवतो. धनू मागून ओरडत होती.

झालं. जे पाहिजे होतं ते सगळं झालं.

२२ मार्च

महिन्याच्या सुरुवातीला आलेल्या नव्या अंड्यांचे डास झाले. नव्या माद्या मेंढ्याचं रक्त मुकाट्याने पितात. माझ्याकडे बघतही नाहीत.

सर म्हणाले, जुने पिंजरे फ्रीजरमध्ये घाला. घातले. दार लावताना त्या सगळ्या जाळीच्या माझ्या बाजूला होत्या. फ्रीजरच्या काचेतून पाहत राहिले, हळूहळू एकेक खाली पडली.

एक पिंजरा — नाही घातला. चादरीत गुंडाळून घरी आणला. न्हाणीत आहे. खिडकीला गोधडी लावली, आत कायम तिन्हीसांज. चार दिवस फक्त. धनू यायच्या आत —

२९ मार्च

धनू आली. उंच झालीय. मिठी मारली आणि लगेच मागे सरून बघत राहिली. म्हणाली, आई, तू किती वाळलीस. ओठ बघ तुझे, कागदासारखे.

न्हाणीचा नळ तुटलाय, बाहेरचं बाथरूम वापर, असं सांगितलं. न्हाणीला कुलूप.

टेबल आवडलं तिला. पुस्तकं लावली. संध्याकाळी दोघी पिठलं-भाकरी जेवलो. तिला वाढताना मला घाई झाली होती. तिने ताट उचलावं, झोपावं, म्हणून. आत त्या उपाशी होत्या.

माझी लेक इतक्या वर्षांनी माझ्या ताटात जेवत होती, आणि मला घाई झाली होती.

३१ मार्च

आज मारायच्या असं ठरवलं. साबणाचं पाणी फवारायचं, संपलं. बाटली भरून आत गेले. हात आधी घातला. शेवटचा म्हणून.

बाटली भरलेलीच आहे.

२ एप्रिल

दुकानातून आले तर न्हाणीचं कुलूप उघडं. किल्ली मी डब्यावर विसरले होते. धनू आत, स्टुलावर बसलेली, कोपरापर्यंत हात बाहीत. माझ्याकडे बघून हसली. एवढंच होय आई? मला सांगायचं की. मला वाटलं तुला काहीतरी आजार लपवायचाय. तू रोज रोज देतेस, आज मी दिलं. चावलं थोडं, पण ठीक आहे.

हात बाहेर काढला. गांधींनी भरलेला. वर ते गुलाबी थेंब.

मी तिला ओढून बाहेर काढायला हवं होतं. जवळ घ्यायला हवं होतं. मी आधी पिंजऱ्यात पाहिलं. सगळ्यांची पोटं लाल. टम्म. एकही उपाशी नाही.

मग तिच्या थोबाडीत मारली. ती रडत विचारत होती, माझं काय चुकलं.

काय सांगू. तिला धोका होता म्हणून नाही मारली. माझ्यासाठी एकही उरली नव्हती म्हणून —

शी.

४ एप्रिल

बसत नाहीत. काल नाही, आज नाही. अनिताचं झालं तसंच. नुसत्या चालत जातात हातावरून. मनगटावर, बोटांवर, सोंड न टेकवता. दाराच्या बाजूच्या जाळीला लटकून बसतात. दाराबाहेर धनू असते.

तिचं रक्त म्हणजे माझंच. नवं. न आटलेलं.

तुळजाबाई येऊन गेल्या. पोरीने बोलावलं होतं. माझा चेहरा बघून पदर तोंडाला लावला. ताई, दवाखान्यात चला, न्हाईतर मी सरास्नी सांगते, म्हणाल्या. दार लावून घेतलं.

हाताला पिनेने टोचून पाहिलं. थेंब आला. फिकट. त्यांनी मान — त्यांना मान नसते — पण वळवली.

५ एप्रिल

आत आहे. कडी लावली आहे. डावा हात बाहीत, उजव्याने लिहिते. पिंजऱ्याच्या तळाशी मेलेल्या पडल्यात. भुकेने. कुजल्यावर त्यांचा वास कसा गोडसर येतो, गुळाच्या काकवीसारखा — आणि मी हुंगते आहे —

बाटली पायाशी आहे. साबणाचं पाणी. दोनदा उचलली.

धनू दार वाजवतेय. आई, सर आलेत रस्त्यापर्यंत, तुळजाबाई आणायला गेल्यात. आई, दार उघड. मी रागावले नाही गं.

तिचा आवाज आला आणि त्या उठल्या. सगळ्या. उरलेल्या सगळ्या.

तिचा हात शेजारी असला तर माझ्याही हातावर बसतील. नुसता शेजारी. थोडाच वेळ. मी आई आहे, मी बघेन ना, जास्त नाही पिऊ देणार —

सर यायच्या आत.

हो गं, धनू. उघडते. रडू नको. आत ये, दार लोटून घे, आणि बाही जरा वर —